गुलाबबागेतली इंग्रजी परीक्षा

मंडळी, तुमच्या लिहिण्यात कोणी चूक काढली, तर त्याच्यावर लगेच भरवसा ठेवाल का? मी आपला दुकानदार माणूस, मी तरी आधी दोन बाजूंनी पारखून घेतो. ऐका.

एका संस्थानात राजाची गुलाबबाग होती. संध्याकाळी तिथे धुकं उतरलं, की सुगंधालाच गुलाबी रंग चढल्यासारखा वाटे. बागेतल्या एकुलत्या एका दुकानाची जागा नसीमबी अत्तरवाली मागत होती. दिवाणसाहेबांना मात्र ती आपल्या मेहुण्याला द्यायची होती. म्हणून ते तिचा इंग्रजी अर्ज दर वेळी परत करत. "बाई, 'टू'च्या पुढे क्रियापद मूळ रूपातच हवं. एवढं कळत नाही, आणि राजाच्या बागेत दुकान मागता?"

शेवटी राजासमोर परीक्षा ठरली. 'टू' घालून एक वाक्य लिहायचं. चुकलं तर जागा मेहुण्याची.

नसीमबीने लिहिलं, 'कम टू स्मेल, नॉट टू प्लक.' म्हणजे वास घ्यायला या, फुलं तोडायला नको.

दिवाणसाहेबांनी कागदावर नुसती नजर टाकली आणि लाल रेघ ओढली. "दोन्ही ठिकाणी चूक!"

"मग फाटकावरची पाटी आजच उतरवा, साहेब," नसीमबी हळूच म्हणाली. "वाक्य तिथलंच आहे, आणि खाली तुमचं नाव आहे. आम्ही अत्तरवाले गिऱ्हाइकाचं नाक असंच जोखतो. एकच अत्तर दोन कुप्यांतून हुंगायला देतो."

राजाला हसू आवरेना. जागा नसीमबीला मिळाली.

तेव्हा मंडळी, दुसऱ्याच्या चुका मोजायला बसाल, तेव्हा हिशेब तेवढा खरा ठेवा.