हौसाची अंजिरं

डोंगराच्या खांद्यावर, जिथे ढग दुपारची डुलकी काढायला टेकतात, तिथे हौसा नावाची मुलगी आईबरोबर राहायची. झोपडी इवलीशी, परकर ठिगळाठिगळांचा, आणि जवळ होतं काय, तर अंजिराची तीन झाडं. अंजिरं मात्र बघत राहावीत अशी! जांभळी, गुबगुबीत, मधानं भरलेली. पण बाजार सात टेकड्यांपलीकडे. आईचा गुडघा धरलेला, म्हणून हौसाच चंद्री गाढवीच्या पाठीवर पाटी बांधून निघायची. खडकाळ वाटेवर चंद्री ठेचकाळायची, पाटी हिंदकळायची आणि बाजारात पोचेपर्यंत अंजिरांचा लगदा व्हायचा.

"पोरी, उद्याही असाच चिखल आणलास तर मी नाही हं घेणार," फळवाल्या गोदाक्का एक दिवस म्हणाल्या.

घरात दोन दिवसांचंच पीठ उरलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हौसा अंजिरं तोडत होती. इतक्यात वरच्या फांदीवरून काहीतरी लुकलुकत घसरलं. हौसानं झटकन परकराची झोळी पसरली आणि तिच्यात अलगद पडली एक पिटुकली परी! पंख मोरपंखी, झगा दवबिंदूंचा, पायांत केशराच्या काड्यांएवढी पैंजणं.

"बाई गं, पंख दवानं भिजले होते, आणि खाली केवढा दगड!" परी म्हणाली. "तू झेललंस म्हणून वाचले. माग, दोन इच्छा देते. पण स्वतःसाठी मागायचं नाही. ज्याला बोलून मागता येत नाही, त्याच्यासाठीच मागायचं. आणि दुसरी इच्छा मागितलीस, की पहिलीनं दिलेलं नाहीसं होईल."

हौसाला फार विचार करावा लागला नाही. "परीताई, माझ्या अंजिरांना वाटेत फार लागतं. त्यांना मऊ बिछाना दे."

परीनं बोट फिरवलं. पाटीत चंदेरी कापसाची गादी पसरली. तिच्यात चिमुकले चिमुकले खळगे. प्रत्येक अंजिराला आपली वेगळी खोली! कुणाचा कुणाला धक्का नाही.

चंद्री निघाली. तीन टेकड्या पार झाल्या आणि एकाही अंजिराला साधा ओरखडा नाही. चौथ्या टेकडीच्या माथ्यावर मात्र हौसा थबकली. दगडांत बुलबुलाचं एवढंसं पिल्लू पडलं होतं. पंख मोडलेला, चोच उघडी, आवाजही फुटेना.

हौसानं पाटीकडे पाहिलं. मग पिल्लाकडे पाहिलं.

"परीताई, याचा पंख बरा कर."

भुर्रकन पिल्लू उडालं, आणि चंदेरी गादी धुक्यासारखी विरली. अंजिरं एकमेकांवर गडगडली.

हौसाचे डोळे भरून आले. अजून तीन टेकड्या होत्या! पण तिनं परकराच्या टोकानं डोळे पुसले. "चंद्रे, थांब जरा. परीताईनं काय केलं ते मी नीट पाहिलंय."

तिनं उतारावरचं वाळलेलं गवत उपटलं आणि वळायला बसली. घागरीखाली डोक्यावर ठेवतात तशीच चुंबळ, पण बांगडीएवढी. पहिली सैल झाली, अंजीर बाहेर घरंगळलं. दुसरी घट्ट वळली. सावरीच्या झाडाखाली बोंडं फुटून कापूस उडत होता. तो तिनं वेचून चुंबळींत भरला. एकेका चुंबळीत एकेक अंजीर, दोन थरांमध्ये रुंद पानं, फटींमध्ये गवत. मग पाटी हलवून पाहिली. आत काही म्हणता काही हललं नाही.

"आता चल!" ती म्हणाली.

बाजारात गोदाक्कांनी पान उचललं. "अगं बाई! एकही फुटलेलं नाही? हे कुणी केलं गं?"

"गादी परीची होती, पण चुंबळी माझ्या," हौसा ताठ मानेनं म्हणाली.

गोदाक्कांनी सगळी अंजिरं घेतली. शेजारचे पपईवाले काका म्हणाले, "बाळ, उद्या मला मोठ्या मापाच्या वळून देशील?" हौसा पीठ, गूळ आणि आईच्या गुडघ्यासाठी तेल घेऊन परत निघाली.

वाटेत पिवळ्या उन्हातून परी उतरली. "इच्छा संपल्या तुझ्या. पण हे मी माझ्या मनानं देते." तिनं हौसाच्या दहाही बोटांना हात लावला. "तू वळशील ते गवत कायम मऊ राहील, वाट कितीही खडकाळ असली तरी."

सगळी टेकडी क्षणभर सोन्याची झाली. परी त्या उजेडात मिसळून गेली.

हौसानं लगेच गवताची मूठ उपटली. पपईवाल्या काकांना उद्याच चुंबळी हव्या होत्या.