मीठवाल्या आवडीची हाक

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती, ते मला विचारू नका. माझ्या आजाने त्याच्या आजाला विचारलं होतं, तेव्हा त्यालाही 'फार' एवढंच उत्तर मिळालं होतं. तेव्हा मुकाट ऐका.

खाडीच्या काठावर खुणवडे नावाचं गाव आहे. मी तिथलाच. त्या काळी दवाखाना होता, नाही असं नाही. पण तो तालुक्याला. मध्ये दोन नद्या, एक घाटी आणि दीड दिवसाची चाल. धडधाकट माणूस तिथे पोचेपर्यंत अर्धा व्हायचा, मग आजाऱ्याचं काय बोलावं? डॉक्टरचं तोंड खुणवड्याने पाहिलं नव्हतं आणि खुणवड्याचं तोंड डॉक्टरने. म्हणून आजार आला की गाव देवाकडे जायचं. दुसरं जाणार कुठे?

एका वर्षी गावात वाखा आला. वाखा म्हणजे पटकी. उलट्या आणि जुलाब, सकाळी चालताबोलता असलेला माणूस तिन्हीसांजेला चिपाड होऊन पडायचा. गावाने देवळात कौल लावला. देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा आणि कुठली पाकळी पडते ते बघायचं. पाकळी पडली, आणि मानकऱ्यांनी तिचा अर्थ लावला: गाव सोडा.

आमच्याकडे याला गावपळण म्हणतात. सगळं गाव वेशीबाहेर जातं. माणसं, गुरं, कोंबड्या, मांजरंसुद्धा. मागे चूल पेटवायची नाही, दिवा लावायचा नाही, वेशीच्या धोंड्याच्या आत पाऊल टाकायचं नाही. पाच दिवसांनी परतायचं. पण त्या वर्षी मानकऱ्यांनी एक गोष्ट जास्तीची ठरवली. ज्यांना वाखा लागलाय त्यांना न्यायचं नाही, नाहीतर तो पाठोपाठ येईल. अकरा माणसं अशी होती. अकरा माणसं मागे ठेवून खुणवडे वर सड्यावर गेलं. सड्यावर म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या माळावर. कोंबड्या नेल्या आणि माणसं ठेवली. मी माझ्या गावाचं कौतुक सांगायला बसलोय, पण हे गिळून पुढे जाता येत नाही.

गावाचा पहिला मानकरी होता पुनाजी गावकर. माहेरपणाला आलेली त्याची लेक शेवंती त्या अकरांतली एक होती. नियम त्यानेच सांगितला होता, तेव्हा स्वतःच्या लेकीसाठी तो मोडणार कसा? सड्यावर पोचल्यावर त्याने कडेच्या रानात अकरा जणांसाठी लाकडं तोडायला लावली. गाव परत जाईल तेव्हा सरणं रचावी लागणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्याच दिवशी खाडीच्या बाजूने आवडी आली.

आवडी मीठ विकायची. मिठागरात जन्मली, मिठागरात वाढली, डोक्यावर मिठाची पाटी घेऊन गावोगाव फिरायची. तिचा आवाज असा, की अलीकडच्या काठावर हाक मारली तर पलीकडच्या काठावरच्या बायका भांडी घेऊन बाहेर यायच्या, असं म्हणतात. गाव सड्यावर गेलंय हे तिला कोण सांगणार? ती आपली नेहमीसारखी पहिल्या घरापुढे उभी राहिली.

"मीठ घेवा गे, मीठ!"

कुणी आलं नाही. दुसऱ्या घरी गेली, तिथेही नाही. अंगणात कोंबडी नाही, गोठ्यात म्हैस नाही. तिसऱ्या घरापुढे तिने हाक मारली, तेव्हा आतून फक्त एक शब्द आला.

"पाणी."

आवडीने पाटी खाली ठेवली आणि आत जाऊन त्या तोंडात पाणी घातलं. एवढंच तिने केलं, पण खुणवड्यात तोवर कुणी केलं नव्हतं. कारण आमच्या लोकांची एक पक्की समजूत होती: वाख्याच्या माणसाला पाणी द्यायचं नाही. आत गेलेलं सगळं बाहेर येतं, म्हणून आत काही घालायचंच नाही. तहानेने माणूस जीभ बाहेर काढायचा आणि घरचे रडत रडत पाण्याचा हंडा लपवायचे. लपवणारे दुष्ट नव्हते हो. त्यांना वाटायचं, आपण वाचवतोय.

आवडीला मिठागर माहीत होतं. भर उन्हात मीठ ओढताना माणूस घामाने निथळून कोसळला, की तिथल्या बायका त्याला मीठ घातलेली तांदळाची पातळ पेज पाजायच्या. चमच्याचमच्याने, थांबून थांबून. तासाभरात तो डोळे उघडायचा. आवडीने विचार केला, अंगातलं पाणी घामाने गेलं काय आणि वाख्याने गेलं काय, गेलं ते भरायला हवं. तिने कणगीतले तांदूळ घेतले, चूल पेटवली आणि पेज उकळत ठेवली. मीठ किती? तिने बोटाने चाखून बघितलं. डोळ्यांतल्या पाण्याइतकं खारट, त्याहून जास्त नाही. हे माप लक्षात ठेवा.

मग ती दारोदार हाक मारत फिरली. अकरा घरांतून अकरा आवाज आले. काही आवाज नव्हतेच, नुसती धाप होती, तीही तिने ऐकली. माणसाने उलटी केली की ती थोडं थांबायची आणि पुन्हा चमचा लावायची. घाण खड्ड्यात पुरून वर राख घालायची, हात राखेने घासायची आणि पुढच्या घरी जायची.

दुसऱ्या दिवशी सड्यावरून धूर दिसला. गावात धूर! पुनाजी तरातरा उतरून वेशीच्या धोंड्यापाशी आला आणि तिथेच थबकला, कारण आत पाऊल टाकायचं नव्हतं. समोरून आवडी पाण्याचा हंडा घेऊन चालली होती.

"कोण गे तू? चूल विझय. देवाचो कौल आसा."

"देवान चूल पेटवू नको म्हणान सांगल्यान," आवडी म्हणाली, "माणसाक पाणी देऊ नको म्हणान सांगल्यान काय?"

"वाख्याच्या माणसाक पाणी दिलां तर माणूस मरता."

"नाय दिलां तरी मरताच. मी देवन बगतंय."

पुनाजी धोंड्यावरून वाकून आतल्या घरांकडे बघू लागला. त्याला विचारायचं होतं ते एकच होतं आणि तेच तोंडातून निघत नव्हतं. गावोगाव फिरणारी आवडी मानकऱ्याला ओळखत होती. शेवटी तीच म्हणाली, "तुमची शेवंती जिती आसा. सकाळी चार वाटये पेज घेतल्यान. पण माझी लाकडां संपली. लाकडां द्या."

पुनाजी धोंड्यापाशी उभा राहिला. एका बाजूला सगळ्या गावाला सांगितलेला नियम, दुसऱ्या बाजूला लेक. तो मागे फिरला आणि सड्यावर गेला. लोकांना वाटलं, बाईला हाकलून आला. त्याने सरणासाठी रचलेल्या ढिगातलं पहिलं लाकूड उचललं, खांद्यावर घेतलं, पुन्हा खाली आला आणि वेशीच्या आत टाकलं. मग दुसरं आणलं. तिसऱ्या खेपेला शेवंतीची आई त्याच्यामागे होती. चौथ्या खेपेला सगळं गाव. पाऊल कुणी आत टाकलं नाही, पण लाकडं सगळी आत गेली. मेल्यावर जाळायला तोडलेल्या लाकडांवर जित्या माणसांची पेज शिजली.

तिसऱ्या दिवशी सड्यावरून अकरा घरांचे अकरा धूर एकदम दिसले. बाई एक आणि चुली अकरा! म्हणून असं म्हणतात, की आवडी त्या दिवशी अकरा ठिकाणी एकाच वेळी होती. असंही म्हणतात, की तिच्या पाटीतलं मीठ कितीही घेतलं तरी कमी झालं नाही. काही शहाणे सांगतात, की शेवंती उठून बसली तेव्हा तिने शेजारच्या घरातली चूल पेटवली, तिथला माणूस उठला तो पुढच्या घरी गेला, आणि असं होता होता अकरा चुली पेटल्या. मला दोन्ही खरं वाटतं. यात भांडण्यासारखं काही नाही.

आता काही सांगणारे म्हणतात, की अकराच्या अकरा वाचले. खोटं आहे. भानू म्हातारा गेला. त्याच्यापाशी आवडी पोचली तेव्हाच फार उशीर झाला होता. तरी चार चमचे त्याने घेतले. जाताना तो म्हणाला, "मीठ कमी आसा." आवडी हसली आणि मग रडली, असं म्हणतात. दहा जणांची लाकडं चुलीत गेली होती, अकराव्याची त्याच्या कामाला आली. पण ती रचायला माणसं होती आणि भानूचं तोंड ओलं होतं. त्याआधी वाख्याने गेलेल्या कुणाचं तसं नव्हतं.

पाचव्या दिवशी गाव वेशीवर उभं राहिलं. आतून दहा माणसं चालत आली. कुणी काठी टेकत, कुणी दुसऱ्याच्या खांद्यावर हात टाकून, पण पायांनी. पुढे शेवंती होती. पुनाजी, ज्याच्यापुढे गाव मान वर करत नसे, तो नियमाची वेळ संपायच्या आत धोंडा ओलांडून आत धावला. त्याच वेळी देवळात, कुणी काही विचारलेलं नसताना, देवाच्या उजव्या अंगाची, म्हणजे होकाराची, पाकळी पडली, असं म्हणतात. मानकऱ्यांना या खेपेला अर्थ लावावा लागला नाही.

आवडी कुठे होती? ती पाटी डोक्यावर घेऊन निघाली होती. पुढच्या गावात वाखा पोचल्याचं तिला कळलं होतं. वेशीच्या धोंड्यावर तिने घटकाभर पाटी टेकली, बायकांना माप सांगितलं आणि गेली. त्यानंतर ती दिसली ती वेगवेगळ्या गावांत, एकाच दिवशी. तो धोंडा अजून खारट लागतो. कितीतरी पावसाळे त्याच्यावरून गेले, तरी. मी लहानपणी जीभ लावून बघितली आहे, आईचा मारही खाल्ला आहे.

आज खुणवड्यात उपकेंद्र आहे. नर्सबाई येतात, जुलाबावर मीठ-साखरेच्या पुड्या देतात, आणि पुडी पाण्यात घातली की आमच्या म्हाताऱ्या ती बोटाने चाखून मान डोलावतात. नव्या सुनेला खुणवड्यात पहिल्यांदा शिकवतात ती मीठ घातलेली पेज. माप तेच.

आणि दर तीन वर्षांनी गावपळण अजून होते. पण आता सगळ्यांच्या पुढे डोल्या निघतात. आजारी, बाळंतिणी, म्हातारी माणसं आधी, त्यांच्यामागून गाव, आणि देवाची पालखी वेशीवर खोळंबून राहते. कारण गावातलीच एक बाई अजून आत असते. डोक्यावर मिठाची पाटी घेऊन ती रिकाम्या गावात दारोदार फिरते आणि प्रत्येक दारापुढे हाक मारते, "मीठ घेवा गे, मीठ!" हाक मारून थांबते. कान देते. आतून काही आलं नाही, तरच पुढच्या दारी जाते. शेवटचं घर झालं की ती वेशीवर येते, पाटी धोंड्यावर टेकते आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं सांगते:

"मागे कोण रवलां नाय."

मग देव हलतो.