हाडामासाचा गोळा

“…आणि माणूस म्हणजे नुसता हाडामासाचा गोळाच असेल माय, तर कोणी कोणाशी चांगलं का वागावं? सांग ना!”

भागामाय त्यांच्याकडे टक लावून बघत होती.

विश्वंभरराव थांबले. आता उत्तर येणार, असं त्यांना वाटलं.

“विश्वंभर,” माय म्हणाली, “तुह्या कानावर केस उगवले रे!”

विश्वंभरराव काळमेघांच्या व्याख्यानांना वऱ्हाडात मंडप अपुरे पडायचे. ‘विज्ञानानं माणूस हिरावला’ हा त्यांचा हातखंडा विषय. आश्चर्य आटलं, नीती सुटली, माणुसकी गेली, असं ते टिपेच्या आवाजात सांगू लागले की पुढच्या रांगेतली माणसं डोळे पुसत. पण पूर्णेच्या काठावरच्या भागामायच्या या लहानशा मठीत ते नुसते विश्वंभर होते. तरुणपणी मायच्या पायाशी बसून ते इथंच बोलायला शिकले होते.

मायचे डोळे मोतीबिंदूनं कित्येक वर्षं झाकोळलेले. नुकतंच तालुक्याला तिच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. काळा चष्मा लावून ती अंगणातल्या बाजेवर बसली होती आणि घडीघडी तो वर करून काहीबाही बघत होती. मुंगी बघितली. बाजेची सुतळी बघितली. आता विश्वंभररावांचा कान.

“माय, मी काय विचारतोय…”

“ऐकून राहिली मी. बोल.”

“माझ्याच घरात आग लागली आहे.” त्यांचा आवाज एकदम खाली आला. “ऋजुता डॉक्टरकी शिकते. दिवाळीत घरी आली होती. मी म्हटलं, तुझ्या आईचा आत्मा बघत असेल गं आपल्याला. तर म्हणाली… बाबा, आई कुठं गेली नाही. आई संपली.”

मायनं चष्मा वर करून त्यांच्याकडे बघितलं.

“स्वतःच्या आईला संपली म्हणते! मी भरल्या ताटावरून उठलो. तेव्हापासून तिच्याशी एक शब्द बोललो नाही.”

“मंग इथं गाडी कोणी चालवत आणली?”

“तिनंच.” विश्वंभरराव घुटमळले. “तू तिला चार गोष्टी सांगशील म्हणून आणलं. वाटेत बोललो नाही.”

ऋजुता फाटकापाशी लिंबाखाली उभी होती. मायनं हात उंच करून तिला बोलावलं.

ती आली, नमस्कार केला, आणि मान वर करताच तिची नजर मायच्या डोळ्यावर गेली.

“ऑपरेशन झालं? बघू?”

तिनं मोबाइलचा उजेड आपल्या तळहातावर पाडला, त्या मंद उजेडात हलकेच मायच्या डोळ्यात बघितलं, आणि तिचा चेहरा उजळला. “काय सुरेख बसलंय भिंग! माय, तुमच्या डोळ्यात आता छोटंसं भिंग आहे. तांदळाच्या दाण्यापेक्षा फार मोठं नाही. सगळं जग त्याच्यातून आत येतंय.”

“एवढ्याशातून?” माय हरखली. “मंग आत गेल्यावर कसं होते त्याचं?”

“मागं एक पडदा आहे. त्याच्यावर चित्र पडतं. उलटं.”

“उलटं?”

“हो! पाय वर, डोकं खाली. मेंदू सुलटं समजून घेतो.”

मायनं टाळीच वाजवली. “बाप्पा! म्हणजे आजवर साऱ्या दुनियेनं माह्या डोळ्यात शीर्षासन केलं, आन् मले पत्ता नाही!”

ती हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला. ऋजुताही हसत तिची पाठ चोळू लागली.

विश्वंभरराव घसा खाकरून म्हणाले, “माय, तिला आईचं विचार.”

हसू थांबलं.

“पोरी,” माय हळूच म्हणाली, “आई संपली म्हणाली तू?”

“हो.”

“मंग?”

ऋजुतानं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. बापाकडे न बघता ती म्हणाली, “मी पुढं सांगणार होते, माय. ज्या कणांची आई झाली होती ते अजून आहेत. मातीत असतील, पाण्यात असतील. पण ते पुन्हा तसे जुळणार नाहीत. एवढ्या मोठ्या विश्वात ती एकदाच झाली. एकदाच… आणि ती आमच्या घरी झाली. बाबांच्या आणि माझ्या.” तिनं ओढणीचं टोक सोडलं. “हे मला अजूनही खरं वाटत नाही. हेच सांगायचं होतं. पण बाबा उठून गेले होते.”

विश्वंभररावांना ते ताट आठवलं. त्यांनी ते पुढं सरकवलं होतं, वाटी कलंडली होती. पोरगी “बाबा, ऐका तरी” म्हणाली होती, तेही आठवलं. इतके दिवस ते आठवलं नव्हतं.

त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, पुन्हा घातलं.

लिंबावर पोपटांचा कलकलाट चालला होता.

माय एकाएकी बाजेवरून उतरली. अंगणाच्या मधोमध गेली, पाय फाकवून उभी राहिली, लुगड्याचा ओचा सावरला.

“काय करतेस, माय?”

“उलटी दुनिया कशी दिसते ते पाहून घेते.”

आणि ती वाकू लागली.

“अहो नाही! नाही!” ऋजुता झेपावली. तिनं मायला दोन्ही खांद्यांना धरून सरळ केलं. “ऑपरेशन झालंय! एवढ्यात वाकायचं नाही, डोळ्यावर ताण येतो. आणि तोल गेला असता म्हणजे?”

“गेला असता तर गेला असता. तू कावून धावली?”

“का म्हणजे? पडल्या असत्या ना तुम्ही!”

“मी कोण? हाडामासाचा गोळा.”

ऋजुता गोंधळून तिच्याकडे बघत राहिली. मग हसली. “म्हणूनच तर धावले! हाडं मोडतात, माय.”

मायनं विश्वंभररावांकडे बघितलं. नुसतं बघितलं.

ज्या प्रश्नावर ते दोन-दोन तास बोलत, त्यावर पोरीला विचार करायला एक श्वासही लागला नव्हता. ती आधी धावली होती आणि कारण मागून आलं होतं.

“डॉक्टरीण मले वाकू देत नाही,” माय तक्रारीच्या सुरात म्हणाली. “विश्वंभर, तूच वाक.”

“मी?”

“मंग कोण? पाह्य, आन् मले सांग.”

“माय, या वयात… हे काय बरं दिसतं…”

“कसं दिसते तेच तर पाहायचं हाय.”

गुरूची आज्ञा. विश्वंभरराव उठले. पांढरं शुभ्र धोतर, खांद्यावर जरीकाठी उपरणं. फाटकाबाहेर कोणी नाही ना, ते त्यांनी आधी बघून घेतलं. मग पाय फाकवले आणि कण्हत कण्हत वाकले.

उपरणं घसरून तोंडावर आलं. चष्मा नाकावरून कपाळाकडे गेला. मागं ऋजुता फिसकन हसली.

“हसायला काय झालं, विचार तिला माय!” उपरण्यातून आवाज आला.

त्यामुळे तर ती आणखीच हसली. पोट धरून हसली.

विश्वंभररावांनी एका हातानं उपरणं बाजूला केलं, चष्मा धरून ठेवला आणि दोन पायांमधून बघितलं.

आभाळ खाली अंथरलेलं होतं. लिंब त्याच्यात लोंबत होता, पोपटांसकट. जमीन वर होती, आणि तिला पायांनी लटकून त्यांची पोरगी हसत होती. पडत नव्हती. कशी पडत नव्हती, कोण जाणे! त्यांच्या डोळ्यातल्या एवढ्याशा पडद्यावर ती अशीच उलटी उतरत होती, ती जन्मली त्या दिवसापासून.

“काय दिसते?” मायनं विचारलं.

“माय…” ते म्हणाले. “माय, हे तर…”

त्यांना हसू फुटलं. व्यासपीठावरचं मोजूनमापून आणलेलं हसू नव्हतं ते. पोटातून, उलटं, नाकातोंडातून येणारं हसू. डोळ्यांतलं पाणी गालांवर न येता कपाळावरून केसांत गेलं, त्याचंही त्यांना हसू आलं. तिकडे माय हसत होती, पोरगी हसत होती, आणि तिघांनी कलकलाट केल्यावर पोपटच गप्प झाले.

बऱ्याच वेळानं ते धापा टाकत म्हणाले, “कंबर धरली, माय… आता सरळ होऊ का?”

माय बाजेवर जाऊन बसली. चष्मा नीट लावला.

“मले काय विचारतोस? डॉक्टर तिकडं उभी हाय.”