गादीवरचे पिवळे चूर्ण

एकदा एका मठात एक आवाज येऊ लागला. दिवेलागण होऊन पाखरे गप्प झाली की वृद्ध आचार्यांच्या गादीच्या बरोबर वर, छताच्या अंधारात तो सुरू होई. टक्, टक्, टक्. मग थोडा वेळ शांतता आणि पुन्हा टक्, टक्. कोणी तरी वर बसून सावकाश माळेचे मणी ओढत असावे, असा तो आवाज होता. वर कोणी नव्हते.

आचार्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती. उजेड आणि सावली एवढाच भेद त्यांना कळे. पहिल्या संध्याकाळी त्यांनी आपल्या शिष्याला विचारले, वर काय वाजते आहे? शिष्याने समई उचलून धरली. तिचा उजेड छतापर्यंत पोचला नाही आणि शिष्याच्या अंगावर सरसरून काटा आला. भ्यायचे की हात जोडायचे, एवढाच प्रश्न अशा वेळी माणसापुढे उरतो. त्याने हात जोडले आणि म्हणाला, "महाराज, कोणी सिद्धपुरुष आपल्या मस्तकावर जप करीत आहेत."

"असे म्हणतोस?" आचार्य म्हणाले.

मग चूर्ण पडू लागले. रोज पहाटे गादीवर, उशाशी, कधी आचार्यांच्या खांद्यावर मऊ पिवळसर भुकटीचा पातळ थर साचलेला असे. शिष्य ती मोरपिसाने गोळा करून पितळी वाटीत ठेवू लागला. येणारेजाणारे ती कपाळी लावू लागले. बातमी पंचक्रोशीत गेली आणि संध्याकाळी मठात पाय ठेवायला जागा उरेना. शे-सव्वाशे माणसे श्वास रोखून अंधारातली टकटक ऐकत बसत. कोणी नवे आले की आचार्य विचारीत, वर काय दिसते? समोरचा डोळे मिटून सांगे, आपली पुण्याई. आचार्य मान हलवीत.

या मंडळींत धान्याचा एक व्यापारी होता. बायको मागेच वारलेली, एकुलती एक मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, आणि राहायला दुकानामागच्या दोन खोल्या. तेव्हा मोठे घर घ्यावे असे त्याच्या मनाने घेतले होते. नदीकाठचे एक ऐसपैस घर पसंतही पडले. विकणारा इतका गोड, की आधी चार दिवस राहून तर पाहा म्हणाला. व्यापारी मुलीला घेऊन तिथे राहायला गेलाही. आता उरला होता तो फक्त शब्द द्यायचा. पण घर घेण्यापूर्वी जाणत्याकडून तपासून घ्यावे, असे कोणी तरी सुचवले होते आणि परीक्षक कोणता निवडावा याचा त्याला घोळ पडला होता.

तिघांची नावे त्याच्यापुढे होती. पहिला विकणाऱ्यानेच सुचवलेला. काम झटपट, वागणे लाघवी. दुसरा व्यापाऱ्याचा सख्खा मेहुणा. त्याने स्वतःचे घर बांधले होते आणि तेव्हापासून जगातल्या सर्व घरांबद्दल त्याला मत होते. तिसरा बांधकामाचे शास्त्र रीतसर शिकलेला, कित्येक वर्षे हेच काम करणारा. पण त्याचे नाव व्यापाऱ्याने ऐकले होते ते शिव्यांसकट. त्याने तोंड उघडले आणि ठरत आलेला सौदा मोडला, असे सांगणारे गावात बरेच होते. व्यापाऱ्याने हे सारे आचार्यांपुढे मांडले आणि कोणाला बोलावू, असे विचारले.

"तिघांनाही उद्या इकडे पाठव," आचार्य म्हणाले. "आधी हा मठ तपासू दे."

शिष्याला ते लागले. जिथे सिद्ध जप करतात ती वास्तू कोणा परीक्षकाने ठोकून पाहायची? निरोप द्यायला तो व्यापाऱ्याबरोबर दारापर्यंत गेला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेलाच होता. तिथे व्यापाऱ्याने हळूच त्याला एक गोष्ट सांगितली. नव्या घरात, बाळंतिणीसाठी काढलेल्या खोलीत, संध्याकाळी असाच आवाज येतो. अगदी असाच. पोर घाबरते, तिला झोप लागत नाही. पण आपल्याला मात्र त्याच क्षणी पटले, की घर शुभ आहे. शिष्याचा चेहरा उजळला. त्याने वाटीतल्या चूर्णाची पुडी बांधून दिली आणि सांगितले, ताईंच्या कपाळी लावा, आणि बिछाना आवाजाच्या बरोबर खाली घाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला परीक्षक आला. त्याने आचार्यांना साष्टांग नमस्कार घातला, चूर्ण कपाळी लावले, एका भिंतीवर हलकेच थाप मारली आणि अशा पवित्र वास्तूत पाहण्यासारखे दुसरे काय असणार, असे म्हणून निघाला. छताचे काय, असे आचार्यांनी विचारले तेव्हा तो दाराबाहेर पोचलाही होता. दुपारी मेहुणा आला. त्याने दार पूर्वेला आहे याचे कौतुक केले, ओसरीवरची भेग पाहून एवढी भेग माझ्याही घरात आहे म्हणाला आणि आवाजाबद्दल विचारल्यावर हसला. घर म्हटले की वाजायचेच, असे त्याचे मत पडले. शिष्याला दोघेही सज्जन वाटले.

तिसरा दिवेलागणीला आला, कारण तोवर तो दुसऱ्या कोणाच्या तरी छपरावर होता. अंगाला धूळ, खांद्यावर शिडी, हातात पिशवी. मठ माणसांनी भरलेला, व्यापारीही पुढेच बसलेला आणि वर टकटक सुरू झालेली. हा गृहस्थ दारातच थबकला. त्याने नमस्कार केला नाही. मान वर करून तो उभा राहिला आणि इतका वेळ तसाच राहिला, की माणसे अस्वस्थ झाली. मग गादीजवळ येऊन त्याने चिमूटभर चूर्ण उचलले, बोटांत चोळले, नाकाशी नेले आणि आचार्यांच्या खांद्यावर बसलेल्या पिवळ्या थराकडे पाहिले.

"महाराज, आधी तिथून उठा," तो म्हणाला. "बोलायचे ते नंतर बोलू."

मठात कुजबुज उसळली. शिष्य रागाने पुढे झाला. पण आचार्यांनी त्याला थांबवले, माझा हात धर म्हणाले आणि त्याच्या आधाराने उठून अंगणात गेले. मागोमाग परीक्षकाने सर्वांनाच बाहेर काढले. माणसे दारा-खिडक्यांशी दाटून आत पाहू लागली. त्याने रिकाम्या गादीशेजारी शिडी लावली, पिशवीतून एक लांब पोलादी दाभण काढले आणि वर जाऊन ते तुळईला टेकवले. जोर लावलेला कोणाला दिसला नाही. दाभण मुठीपर्यंत आत गेले.

त्याने ते बाहेर ओढले आणि त्या भोकातून चूर्ण पडू लागले. ते पडतच राहिले. गादीवर त्याचा लहानसा ढीग झाला. गावातल्या कोणाला मिठी मारता आली नसती अशी ती जाडजूड तुळई बाहेरून अखंड होती, तेलपाण्याने चकचकीत होती, आणि तिच्या आत लाकूडच उरले नव्हते.

टकटक थांबली होती. आत जे काही होते त्याने आपली चाहूल घेतली आहे, असे प्रत्येकाला वाटले आणि कोणी हलेना. मग ती पुन्हा सुरू झाली. या वेळी गादीवर नव्हे. थोडी अलीकडे, जिथे रोज माणसे बसत तिथे.

परीक्षक खाली उतरला. त्याने सांगितले, ही तुळई किड्याने पोखरली आहे. हा आवाज त्याचा आणि हा भुसाही त्याचाच. पलीकडच्या दोन तुळया मी पाहिलेल्या नाहीत, तेव्हा त्यांच्याविषयी आज काही बोलणार नाही. उद्या उजेडी पाहीन, तोवर आत कोणी जाऊ नये. एवढे बोलून तो अंगणात आचार्यांपुढे आला आणि आता कुठे त्याने वाकून नमस्कार केला. हा मघाशी का केला नाहीस, असे आचार्यांनी विचारले.

"मघाशी वाकलो असतो तर नजर खाली गेली असती," तो म्हणाला.

आचार्य प्रसन्न हसले. मग त्यांनी व्यापाऱ्याला जवळ बोलावले. "शेठ, तुमच्या गोदामात पोत्याखाली असे पीठ सांडलेले दिसले तर तुम्ही काय करता?"

व्यापाऱ्याचा हात आपोआप कपाळाकडे गेला. पोते उघडून पाहतो, असे तो कसेबसे म्हणाला.

"इथे ते तुम्ही कपाळी लावलेत. तुमचे ज्ञान कमी पडले नाही. इथे तुम्हाला पुण्य हवे होते, म्हणून पीठ दिसले नाही. पहिल्या परीक्षकाला घर विकले जायला हवे होते. मेहुण्याला आपले मत खरे ठरायला हवे होते. या तिसऱ्याला माझ्याकडून काही नको होते आणि काय पाहायचे ते तो शिकून आला होता. या दोन्ही गोष्टी एका माणसात असाव्या लागतात. यातली एकच असेल तर त्याला शिडी देऊ नये."

पण व्यापाऱ्याचे लक्ष शेवटी शेवटी उडालेच होते. तो शिष्याकडे पाहत होता आणि शिष्य त्याच्याकडे. दोघांनाही एकच खोली दिसत होती. आवाजाच्या बरोबर खाली बिछाना घाला, हे आपलेच शब्द शिष्याच्या कानात वाजू लागले. व्यापारी धावत सुटला. शिष्याने कंदील उचलला आणि परीक्षकाला शिडी-पिशवीसकट हाताला धरून ओढतच नदीकाठी नेले. काय झाले ते त्याने वाटेत सांगितले.

घर शांत होते. आतल्या खोलीत व्यापाऱ्याची मुलगी उताणी पडली होती. उशीवर, केसांत, पोटावरच्या पांघरुणावर पिवळी भुकटी पसरलेली, आणि कपाळावर मठातल्या चूर्णाचा टिळा. वर टक्, टक् चालू होते. कंदिलाचा उजेड तोंडावर पडताच तिने डोळे किलकिले केले.

"अप्पा, आता भीती नाही वाटत," ती झोपेत हसून म्हणाली. "ऐकता ऐकता छान डोळा लागतो."

व्यापाऱ्याने तिला उठवून दोन्ही हातांनी धरून बाहेर आणले. परीक्षकाने शिडी लावली. दाभण इथेही मुठीपर्यंत गेले.

ती तुळई त्या रात्री पडली नाही. मठातलीही पडली नाही. पडल्या असत्या तर ऐकणाऱ्याला गोष्ट अधिक पटली असती, पण पोकळ तुळई आपल्या सोयीने पडत नाही. ती माणसे खाली बसलेली असताना उभी राहते, हेच तिचे भयंकरपण. व्यापाऱ्याने घर घेतले नाही. त्याच्या मुलीचे बाळंतपण दुकानामागच्या जुन्या खोलीत झाले, तिसऱ्या परीक्षकाने त्या खोलीचे छप्पर पाहिल्यानंतर.

नदीकाठाहून परतल्यावर शिष्य अंगणात आचार्यांच्या पायाशी बसला. झोळीतली पितळी वाटी त्याने वाटेत नदीत रिकामी केली होती. मग तो म्हणाला, "महाराज, तुम्हाला शंका होती. मग मला सांगितले का नाही?"

"मला दिसत नाही, बाळा. शंकेवरून मी लाकडाला दोष कसा देऊ? म्हणून मी तुला विचारले. जो येईल त्याला विचारले."

शिष्याला ते सारे प्रश्न आठवले. वर काय वाजते आहे. वर काय दिसते. असे म्हणतोस? एक आंधळा म्हातारा रोज संध्याकाळी आपल्या डोक्यावरचे छत कसे आहे ते विचारीत होता, आणि त्याच्यावर जीव ओवाळून टाकणारी शे-सव्वाशे डोळस माणसे हात जोडून त्याला तिथेच बसवून ठेवीत होती. शिष्याला रडू कोसळले. आचार्यांनी चाचपडत त्याच्या पाठीवर हात ठेवला.

घर तपासायला माणूस बोलवाल, तेव्हा तो दारात आल्यावर आधी तुमच्याकडे पाहतो की छताकडे, तेवढे पाहा. आत मठात, रिकाम्या गादीच्या अलीकडे, टकटक अजून चालूच होती. शिष्याने डोळे पुसले, दाराशी जाऊन कंदील उंच केला आणि पहिल्यांदाच मान वर करून छत नीट पाहिले.