कुजबुजलेली दवंडी

एका नदीतल्या बेटावर एक टिटवी राहत असे. कोल्हा तिथे राहत नसे. मुलांनो, एवढी गोष्ट आधीच पक्की लक्षात ठेवा, कारण पुढे तो कोल्हा याच्या अगदी उलट सांगणार आहे, आणि तेही छाती पुढे काढून.

बेट कोणा एकाचे नव्हते. झाडांवर बगळे होते, काठाच्या कपारीत पाणमांजरे होती, झुडपांत ससे आणि साळिंदरे होती, आणि उघड्या खड्यांवर टिटवी व तिची चार अंडी. टिटवी काही झाडावर घरटे बांधत नाही. खड्यांच्याच रंगाची अंडी ती खड्यांमध्ये घालते आणि डोळ्यांत तेल घालून राखते. या बेटावर एक जुनी रीत होती. पाण्यावरून कोणी आला, की आधी त्याला खाऊ घालायचे, दुपारभर निजू द्यायचे, आणि नाव-गाव विचारायचे ते संध्याकाळी. तोवर पाहुण्याला एका शब्दाने टोकायचे नाही. "आधी पोट, मग पत्ता," असे तिथली म्हातारी पाणमांजरे म्हणत.

एके दिवशी नदीतून एक पोकळ ओंडका वाहत आला. आत हा कोल्हा! पलीकडच्या जंगलात सिंहाच्या शिकारीला सिंहाच्या आधी तोंड लावल्यामुळे तो जीव वाचवायला ओंडक्यात दडला होता, आणि नदीने ओंडकाच ओढून नेला. कोल्हा काकडीला राजी, अशी आपली म्हण आहे. पण हा काकडीला राजी होणारा नव्हता. जन्मभर दुसऱ्याचे उष्टे चघळताना त्याच्या डोक्यात एकच घोळत असे, की आपल्या नावाचे एखादे राज्य असावे आणि आपल्याला सगळ्यांनी मुजरा करावा. ओंडका भोवऱ्यात सापडला, तेव्हा पाणमांजरांनीच तो ढकलत ढकलत काठाला लावला. कोल्ह्यापुढे ताजे मासे ठेवले. तो पोट फुटेस्तोवर जेवला. "आता नीज हो, पाहुण्या," असे म्हणून पाणमांजरे कपारीत गेली आणि सारे बेट दुपारच्या झोपेला लागले.

टिटवी मात्र जागी होती. अंड्यांवर बसलेल्या आईला कसली आली आहे झोप? तिने पाहिले, पाहुणा उठला, चोरपावलांनी नदीकडे गेला, पोटापर्यंत पाण्यात उभा राहिला आणि शेपटी उंच धरून कुजबुजला, "ऐका हो ऐका! हे बेट, यावरची झाडं, इथली अंडी, इथले मासे, आणि या पाण्याला जे जे पाणी लागून आहे ते सगळं पाणी, सिंहमहाराजांच्या वतीनं आजपासून माझं! कोणाची हरकत असेल तर आत्ता बोलावं. जो गप्प बसेल, त्याचा होकार धरला जाईल."

दवंडी, आणि ती कुजबुजून! ऐकले होते कधी असे? टिटवीच्या अगदी चोचीशी शब्द आले होते. पण संध्याकाळ व्हायची होती आणि पाहुण्याला टोकायचे नव्हते. "ऊन लागलं असेल बिचाऱ्याला," असे मनाशी म्हणून ती गप्प राहिली.

संध्याकाळी नाव-गाव विचारायला सगळे जमले, तर पाहुणा सगळ्यात उंच खडकावर चढून बसलेला.

"आपलं नाव काय, पाहुणे?" म्हाताऱ्या पाणमांजराने विचारले.

"राजा."

"आणि गाव?"

"हेच."

मग त्याने फर्मान सोडले. पहिले मासे राजाचे, सगळी अंडी राजाची. साळिंदराने रागाने काटे उभारले, तेव्हा कोल्हा गुरगुरला, "खबरदार! माझ्या मागे सिंह आहे." हे मात्र खरेच होते, सिंह त्याच्या मागेच लागलेला होता. पण बेटावरच्या भोळ्या जिवांना ते काय ठाऊक! सिंहाचे नाव ऐकून साळिंदराचे काटे खाली बसले. कोल्हा खडकावरून उतरला आणि थेट खड्यांकडे गेला. टिटवीने दोन्ही पंख पसरले.

"ही माझी अंडी आहेत!"

"होती," कोल्हा म्हणाला. "दुपारी मी दवंडी दिली तेव्हा तू टक्क जागी होतीस. मी पाहिलं ना! घेतलीस का हरकत?"

"तुम्ही पाहुणे होता, म्हणून मी गप्प बसले."

"गप्प बसलीस ना? झालं तर मग. तुझा होकार मिळाला." आणि त्याने तिच्या डोळ्यांदेखत चारही अंडी खाल्ली.

मुलांनो, हे सांगताना माझा संताप आवरत नाही. आयत्या बिळावर नागोबा आपण ऐकला आहे. पण उंदरा, तूच मला बीळ दिलेस, असे नागोबाही म्हणत नाही! ज्यांनी बुडताना वाचवले, त्यांच्याच जेवणावर पोसून हा त्यांचा धनी झाला. वर लाज तर नाहीच, उलट मिजास केवढी! सशांना बेटाचे जुने नाव घ्यायला त्याने बंदी केली. आता बेटाचे नाव कोल्हेपूर.

एवढ्यावर तरी त्याने थांबावे की नाही? पण हाव कुठे थांबते! आपण राजे झालो हे सिंहाने कबूल करावे, जुना गुन्हा माफ करून आपल्याला मोठी पदवी द्यावी, असे त्याला वाटू लागले. त्याने कावळ्याबरोबर निरोप धाडला, "महाराज, आपल्यासाठी मी एक बेट जिंकलं आहे. इथे मासे आणि अंडी अमाप आहेत." निरोपातले मासे आणि अंडी तेवढी सिंहाने लक्षात ठेवली आणि आपल्या मर्जीतल्या लांडग्याला पाठवून दिले.

लांडगा भल्यामोठ्या ओंडक्यावर बसून आला. वेळ दुपारची. कोल्हा पोटावर पंजे ठेवून घोरत होता. बेटाच्या दुसऱ्या टोकाला टिटवी कोल्ह्यापासून लपवलेल्या नव्या अंड्यांवर बसली होती. तिच्यादेखत लांडगा पोटापर्यंत पाण्यात शिरला, शेपटी उंच धरली आणि कुजबुजला, "ऐका हो ऐका! हे बेट आजपासून माझं. जो गप्प बसेल..."

चोरावर मोर! टिटवीने पोटाखालच्या अंड्यांकडे पाहिले. मागची चार तिला आठवली. याने अजून बेटाचा घासही खाल्ला नव्हता. हा पाहुणा कसला? ती उडाली आणि आभाळ फाटेल अशी ओरडली, "नाही! नाही! हरकत आहे! माझी हरकत आहे!"

सारे बेट खडबडून जागे झाले. कोल्हाही धावत आला. "काय चाललंय? बेट माझं आहे!"

"होतं," लांडगा म्हणाला. "मी दवंडी दिली तेव्हा तू गप्प होतास."

"मी झोपलो होतो!"

"म्हणजे गप्पच."

"ही कुठली रीत?" कोल्ह्याने आकांत मांडला. "दवंडी काय कुजबुजून देतात? झोपलेल्याचा होकार धरतात? आणि हे बेट काही ओसाड पडलं नव्हतं, इथे आधीपासून राहणारे आहेत! विचार या टिटवीला, कोणाचं आहे हे बेट!"

म्हणजे त्याला सगळे ठाऊक होते! पहिल्या दिवसापासून ठाऊक होते!

"ऐकलंत ना सगळ्यांनी?" टिटवी म्हणाली. "माझी चार पिल्लं पोटात गेल्यावर आज याला हे सुचतंय."

"तुमची रडगाणी मागाहून ऐकतो," लांडगा म्हणाला. "आधी या चोराला महाराजांपुढे उभा करतो, मग येऊन तुमच्याकडे बघतो." त्याने कोल्ह्याची मानगूट धरली आणि त्याला ओढत ओंडक्यावर चढवले.

पाणमांजरांनी टिटवीकडे पाहिले. पाण्यावरच्या ओंडक्याला काठाला लावणे, एवढेच त्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होते. "रीत मोडेल गं," म्हातारे पाणमांजर पुटपुटले.

"रीत पाहुण्यासाठी आहे, काका," टिटवी म्हणाली. "यांतला पाहुणा कोणता?"

म्हाताऱ्याने क्षणभर विचार केला आणि पाण्यात बुडी मारली. मागोमाग सगळ्यांनी मारली. ज्यांनी एकाला ओढून वाचवले होते, त्यांनीच आता दोघांना ढकलत ढकलत नदीच्या मधल्या धारेला लावून दिले. बळी तो कान पिळी, हे जमिनीवर ठीक. वाहत्या ओंडक्यावर बळ काय कामाचे? वळणाआड जाईपर्यंत "माझं बेट!" "नाही, माझं!" असे भांडण ऐकू येत होते. मग नुसते पाणी ऐकू येऊ लागले.

बेटावर अजूनही आलेल्याला आधी जेवू घालतात. फरक एवढाच, की तो जेवत असताना टिटवी जवळ उभी असते, आणि तो जरा जरी कुजबुजला तरी ती सारे बेट जागे करते. तिच्या ओरडण्याला लोक अपशकुन म्हणतात. म्हणोत बापडे! त्यांची अंडी कोणी खाल्लेली नाहीत.

तात्पर्य : दुसऱ्याचे घर बळकावणाऱ्याला न्याय कळत नसतो असे नाही, आपले बळकावले जाईपर्यंत तो त्याला आठवत नाही. म्हणून आपल्या सौजन्याला कोणी होकार समजू लागला, तर तिथल्या तिथे ओरडावे.