अप्पांना दुधी आवडत नसे

"मग ते माझ्या स्वप्नात येत का नाहीत, बुवा?"

निरंजनबुवा दुधात भाकरी कुस्करत होते. मान वर न करता म्हणाले, "येऊन खातील काय?"

कालिंदीबाईंना वाटलं, बुवांना नीट ऐकू आलं नसावं. टेकडीवरच्या त्या मठात त्या भर उन्हात पायऱ्या चढून आल्या होत्या, तेही उपाशीपोटी. सरळ उत्तर मिळेल अशी त्यांची अपेक्षा होती.

"माझे वडील, बुवा. अप्पा. पोस्टमन होते. या डोंगरातल्या वाड्यावाड्यांना पायी टपाल वाटायचे. मी लहान होते तेव्हाच तापाने गेले. ऐन तिशीत."

"बरं."

"घरात फोटोसुद्धा नाही. चेहरा होता डोळ्यांपुढे, तोही आता पुसट होत चाललाय. हसायचे कसे, ते तर मुळीच आठवत नाही... एकदा स्वप्नात यावेत, एवढंच मागणं आहे. त्यासाठी मी काय नाही केलं?"

"काय केलंत?"

कालिंदीबाईंनी पदर सारखा केला. हा प्रश्न त्यांच्या आवडीचा होता. सोळा सोमवार असोत नाहीतर हरतालिका, उद्यापनाचं विचारायला गावातल्या बायका त्यांच्याच ओटीवर यायच्या.

"दर वर्षी पितृपंधरवड्यात, अप्पांच्या तिथीला, मी एक वस्तू सोडते. जन्मभरासाठी. साधीसुधी नाही हं. अप्पांच्या आवडीचीच."

बुवांचा घास हातातच राहिला.

तेवढ्यात मठाचा स्वयंपाक बघणाऱ्या सगुणाक्का कपबशी घेऊन आल्या. "घ्या ताई, चहा. आलं घातलंय."

"चहा सोडलाय."

"मग ताक आणते."

"ताकही सोडलंय."

"भाजलेल्या शेंगा आहेत ताज्या."

"शेंगा दुसऱ्याच वर्षी सोडल्या."

"गूळपाणी तरी?"

"गूळ तर सगळ्यात पहिला!"

सगुणाक्का कपबशी धरून तशाच उभ्या राहिल्या. "बाई गं... तुम्ही कुठं पाहुण्या म्हणून गेलात, तर ती माणसं काय तुम्हाला नुसती ओवाळतात?"

"सगुणाक्का, तो चहा इकडे दे," बुवा म्हणाले. "मी अजून काही सोडलेलं नाही."

बुवांनी बशीत चहा ओतला. फुंकर घातली.

"तिथीला अप्पांचं पान वाढता ना?"

"वाढते तर! भाऊ नाही मला. माझ्याशिवाय कोण वाढणार? एक वर्ष चुकलं नाही."

"पानात काय असतं?"

"आता... त्यांच्या आवडीचं काही घरात येतच नाही. मग वरण-भात, आणि दुधीची भाजी."

"दुधी आवडायचा त्यांना?"

"छे हो! दुधी शिजला की अप्पा शेजारच्या काकूंकडे जेवायला जायचे..."

बोलता बोलता कालिंदीबाई थांबल्या.

सगुणाक्कांनी पदर तोंडाला लावला आणि त्या घाईघाईने आत गेल्या. आतून भांडं पडल्याचा आवाज आला. भांड्याच्या आवाजात हसणं काही लपलं नाही.

"दर वर्षी दुधी?" बुवांनी विचारलं.

"...दर वर्षी."

"कावळा शिवतो?"

"लगेच शिवतो. कधी खोळंबा नाही."

"कावळ्याला चालतो दुधी," बुवा म्हणाले.

कालिंदीबाईंचा चेहरा लाल झाला.

"मी थट्टा ऐकायला आले नाही, बुवा. व्रत आहे हे माझं. गूळ सोडला तेव्हा नऊ वर्षांची होते मी. सगळे म्हणत होते, अप्पा देवाघरी गेले, आता देवाला काहीतरी द्यायला हवं. त्या वयात गुळापेक्षा मोठं काय होतं हो माझ्याजवळ?"

बुवा हसले नाहीत. त्यांनी बशी खाली ठेवली.

अंगणातल्या औदुंबराखाली मठाची गाय रवंथ करत होती...

"गूळ फार आवडायचा का अप्पांना?"

"घरोघर मिळायचा ना त्यांना. कुणी गूळपाणी द्यायचं, कुणी मूठभर शेंगा. टपालवाल्याला रिकामं कोण पाठवतं? अप्पा पाणी तेवढं प्यायचे, आणि गूळ..."

"गूळ?"

"खिशात टाकायचे. माझ्यासाठी."

"शेंगा?"

"त्याही खिशात."

"म्हणजे खायचं कोण?"

"...मी."

"आणि चहा?"

"चहा मात्र त्यांचा! घरी आले की कपभर लागायचाच." कालिंदीबाई घुटमळल्या. "बशीतला शेवटचा घोट माझा असायचा."

बुवा ऐकत राहिले. कालिंदीबाईच पुढे बोलू लागल्या, पण आता त्यांचा आवाज सांगण्याचा राहिला नव्हता, आठवण्याचा झाला होता.

"संध्याकाळी मी उंबऱ्यावर बसून असायची. अप्पा दारात उभे राहून ओरडायचे, 'टपाऽऽल!' त्यांचा खाकी खिसा फुगलेला दिसायचा, पण लगेच द्यायचे नाहीत. तळहात पुढे करायचे. म्हणायचे, आधी पोच. मनीऑर्डर घेताना म्हातारी माणसं अंगठा लावतात ना, तसा मी त्यांच्या तळव्यावर अंगठा दाबायचा. मगच खिसा उघडायचा."

"आणि नाही दाबला तर?"

"तर उभेच! आई आतून ओरडायची, अहो, दमून आलात, टेका तरी. हे म्हणायचे, पोच घेतल्याशिवाय टपाल कसं देऊ? नोकरी जाईल माझी."

"आणि ज्याच्या नावाचं टपाल, त्याने ते घेतलंच नाही, तर अप्पा काय करायचे?"

"नियमाने परत पाठवायचं असतं. पण अप्पा पुन्हा जायचे. परत परत जायचे. साहेब रागवायचे त्यांना. अप्पा म्हणायचे, आज रागात असेल बिचारा, उद्या घेईल."

बुवांनी आत हाक दिली. "सगुणाक्का, गुळाचा खडा आण."

सगुणाक्का खडा घेऊन आल्या. बुवांनी तो डाव्या मुठीत धरला. मग उजवा तळहात कालिंदीबाईंच्या पुढे केला आणि ते तसेच बसून राहिले.

"बुवा, माझं व्रत..."

तळहात हलला नाही.

"इतक्या वर्षांचं आहे हो. मोडलं तर अप्पांना काय वाटेल?"

"उन्हात उभे आहेत ते, बाई."

कालिंदीबाईंनी दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं. नुसतं ऊन होतं...

त्यांनी अंगठा पुढे केला. जेमतेम टेकवला आणि मागे घेतला.

बुवांनी आपला तळवा उजेडात धरला, डोळे बारीक करून पाहिला आणि मान हलवली.

"नीट उमटला नाही. पुन्हा."

"अगं बाई! अप्पा हेच म्हणायचे!"

आणि कालिंदीबाई हसल्या. मान मागे टाकून, मोठ्याने, चारचौघांत बायका हसत नाहीत तशा. औदुंबराखालच्या गाईने मान वळवून पाहिलं.

मग त्या एकदम गप्प झाल्या. हात तोंडाशी गेला.

"काय झालं हो ताई?" सगुणाक्का घाबरल्या.

"हे हसू..." कालिंदीबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "हे असंच हसायचे ते."

बुवांनी मूठ उघडली. कालिंदीबाईंनी गुळाचा खडा तोंडात टाकला. तो दाताला चिकटला, तो त्या जिभेने सोडवत बसल्या.

सगुणाक्कांनी या वेळी काही विचारलं नाही. चहा आणला आणि समोर ठेवला. कालिंदीबाईंनी तो बशीत ओतून घेतला.

निघताना त्या बुवांच्या पाया पडल्या. पायऱ्या उतरू लागल्या तशा सगुणाक्का वरून ओरडल्या, "ताई! यंदा तिथीला काही सोडायचंच असेल, तर तेवढा दुधी सोडा!"

कालिंदीबाई हसत वळल्या. पण मनातलं एक राहिलंच होतं. दोन पायऱ्या परत चढून त्यांनी हळूच विचारलं, "बुवा... आज रात्री स्वप्नात येतील का हो अप्पा?"

बुवा तळव्यावरचा गूळ धूत होते.

"रात्री कशाला, बाई? टपाल दिवसा वाटतात."