अर्धा भागिले पाव

"मास्तर, मुलगी बदलून मिळेल का?"

हर्षद घाडगेने चपला काढायच्या आधीच विचारलं.

फलटणचे नाझरेमास्तर कॉलेजच्या मुलांना गणित फुकट शिकवत. अट एकच. प्रत्येकाने शाळेतलं एक मूल धरायचं आणि दर रविवारी त्याला शिकवायचं. वर्षाअखेर परीक्षा त्या मुलाची. ते नापास झालं, तर कॉलेजकुमाराला पुढच्या वर्षी दार बंद.

"का रे?"

"मठ्ठ आहे. बाकीच्यांची मुलं समीकरणांपर्यंत गेली. ही तीन महिने एकाच गणितावर अडलीय."

"कोणत्या?"

"अर्धा भागिले पाव. मी सांगतो, दुसरा आकडा उलटा कर आणि गुण. उत्तर दोन. ती म्हणते, भागलं की कमी व्हायला पाहिजे, हे वाढलं कसं?"

"मग तू काय सांगितलंस?"

"नियम आहे, म्हणून सांगितलं."

"आणि ती?"

"पुढच्या रविवारी पुन्हा तेच... वाढलं कसं?"

हर्षद इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. कायम पहिला नंबर, आणि नाकाच्या शेंड्यावर त्याचा तोरा. पुढच्या वर्षी त्याला एका मोठ्या प्रवेशपरीक्षेला बसायचं होतं. मास्तरांवाचून ती जमणार नाही, एवढं मात्र त्याला कळत होतं.

"मुलगी बदलणार नाही. या रविवारी तिचीच परीक्षा. घेऊन ये."

...

तमन्ना मुलाणी आली. सहावीतली. वही नाही, पेन नाही. हातात एक कापडी पिशवी.

मास्तर आपल्या लाकडी खुर्चीत बसले होते. हर्षद भिंतीला टेकून उभा.

"अर्धा भागिले पाव?"

"दोन."

हर्षदने श्वास सोडला. सुटलो बुवा!

"कसं?"

हर्षदचा श्वास पुन्हा अडकला.

"आजोबा, तुम्ही खाली बसा. वरून नीट दिसायचं नाही."

चाळीस वर्षांत मास्तरांना 'खाली बसा' असं कुणी म्हटलं नव्हतं. हर्षद भिंत सोडून ताठ उभा राहिला.

मास्तर मुकाट्याने उतरले आणि तिच्यासमोर मांडी घालून बसले.

तिने पिशवीतून एक माप आणि दोन ग्लास काढले. तिची अम्मी एसटी स्टँडसमोर ताकाची गाडी लावते, तिथले. माठातलं पाणी तिने मापात घेतलं.

"हे अर्धा लिटर. ह्या एका ग्लासात पाव मावतं. बघा हां."

एक ग्लास भरला. दुसरा भरला. माप रिकामं झालं.

"दोन ग्लास. म्हणून दोन. वाढलं काहीच नाही, आजोबा. पाणी तेवढंच हाय. आपण नुसतं मोजलं, किती ग्लास होतात ते."

असली हजार गणितं हर्षदने सोडवली होती. त्यातलं पाणी त्याला आज पहिल्यांदा दिसलं.

"कुणी शिकवलं तुला?"

मास्तर विचारत होते तिला, बघत होते हर्षदकडे. हर्षद 'मी' म्हणाला असता, तर खपून गेलं असतं.

"मी नाही, मास्तर. मी नुसता नियम सांगत होतो."

तमन्ना भडकलीच.

"असं कसं, दादा? शाळेत दुसऱ्यांदा विचारलं की खाली बसवतात. तुला मी बारा रविवार तेच तेच विचारलं. तू चिडलास, पण तेराव्या रविवारीबी आलास. इतक्यांदा विचारायला मिळालं, म्हणून तर ताक ओतताना डोक्यात उजेड पडला!"

मास्तरांनी भरलेला एक ग्लास उचलला आणि सावकाश पिऊन टाकला.

"बरं. म्हणजे ही पास. आणि तू?"

"नापास."

हा शब्द त्याने स्वतःसाठी आयुष्यात पहिल्यांदा वापरला. पण त्याचा चेहरा नुसता फुलला होता. स्वतःच्या पहिल्या नंबरालासुद्धा त्याची छाती इतकी कधी फुगली नव्हती.

"नापास झालास, आणि हसतोस कशाला?"

"तुम्ही ऐकलंत ना, मास्तर? कसं सांगितलं तिनं! आमची तमन्ना आहे ती!"

मास्तरांनी जमिनीवरूनच आपल्या खुर्चीकडे बोट केलं.

"मग उभा का? खुर्ची रिकामी आहे."